'घे काठी, घाल पाठी' आता म्हणायचं का?

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. तिथल्या मराठी मंडळात दर नवरात्रात एका शनिवारी शाळेचा हॉल घेऊन भोंडला होतो. गेल्या वर्षी 'वेड्याची बायको' चालू असताना प्रश्नकर्त्या ताईंच्या तेरा वर्षांच्या लेकीने फेरातून हात सोडवला आणि विचारलं, "बायकोला जाळून टाकलं यावर तुम्ही सगळ्या हसताय?" तेव्हापासून मंडळात दोन तट आहेत. एकींचं म्हणणं, आजीपासून चालत आलेली गाणी आहेत, शब्दाला हात लावायचा नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, असली सगळी गाणी बाद करा, आणि ठेवायचीच तर 'सासर द्वाड'च्या जागी 'सासर गोड' म्हणा. लेक सांगते की तिथे नाताळच्या जुन्या गाण्यांवरही हाच वाद झालाय. तर आता काय करायचं?

मी गेली चौतीस वर्षं भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी शिकवते. माहेर सांगलीचं, म्हणजे हडग्याचं (भोंडल्याचंच तिकडचं नाव). सासर पुण्याचं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: जाळणं काढा, चाबूक काढा, काठीचं जरा थांबून ठरवा, आणि 'द्वाड'ला अजिबात हात लावू नका.

आधी त्या 'मूळ' शब्दांचं बघू, कारण निम्मं भांडण तिथेच आहे. 'यादवराया राणी रुसून बसली कैसी' हे गाणं घ्या. रुसलेल्या सुनेला समजवायला सासू जाते, सासरा जातो, दीर, जाऊ, नणंद सगळे जातात. प्रत्येक जण काहीतरी देऊ करतो, ती हलत नाही. शेवटी नवरा जातो. माझी आई सांगलीला म्हणायची की तो 'लाल चाबूक' देऊ करतो, आणि राणी निमूट घरी येते. लग्न होऊन पुण्यात आले तर सासूबाईंच्या गाण्यात तोच नवरा मंगळसूत्र देत होता! मी बावीस वर्षांची, भर फेरात मोठ्याने 'चाबूक' म्हणून गेले आणि साऱ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. कुठलं खरं? दोन्ही. शेजारच्या काकू जळगावच्या, त्यांच्याकडे हा खेळ भुलाबाईचा, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालणारा. त्यांची तर पाचसहा कडवी मी कधी ऐकलेलीही नव्हती. सरोजिनी बाबरांपासून तारा भवाळकरांपर्यंत ज्यांनी बायकांची गाणी जमवली, अभ्यासली, त्यांना ठाऊक होतं की गाव बदललं की गाणं बदलतं. 'वेड्याची बायको'मध्ये श्रीखंड बघून वेडा 'क्रीम क्रीम' म्हणून तोंडाला फासतो. आता हे क्रीम काय पेशवाईतलं आहे का? कुणीतरी केव्हातरी घातलं, बायका हसल्या, ते राहिलं. तेव्हा 'शब्दाला हात लावायचा नाही' हा नियम या गाण्यांना कधीच नव्हता. हा नियम छापील पुस्तिकांनी आणि आता यूट्यूबने आणला.

खेळ कसा चालतो तेही तिथल्या मुलींना सांगा, कारण शनिवारी दोन तासांत उरकलेल्या भोंडल्यात ते कळत नाही. सप्टेंबरच्या अखेरीला सूर्य हस्त नक्षत्रात जातो. पाटावर हत्ती काढायचा, पाट मधे ठेवून फेर धरायचा. आमच्याकडे सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शेवटच्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत्या. (खरं सांगायचं तर लहानपणी आम्हांला गाण्यांत काही रस नसायचा, डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखण्यात असायचा.) सोळा दिवस तीच गाणी, रोज वेगळ्या अंगणात, म्हणणारी रोज वेगळी. 'अतुल्या मतुल्या चरणी चातुल्या' याचा अर्थ आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हता, तरी कुणाचं अडलं नाही.

म्हणणारी म्हणजे जी पुढे म्हणते आणि बाकीच्या मागून. तिच्या हातात पुष्कळ असतं. वाड्यात आमच्या एक आजी म्हणायच्या, त्यांची एक गोष्ट मी विसरले नाही. एका वर्षी मागच्या बिऱ्हाडातली मुलगी सासरहून कायमची परत आली होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सासरच्या वैद्याचं गाणं आलं. त्यात सासरचा वैद्य येतो तो हातात जळकं लाकूड घेऊन, तोंडात शेणाचा बोकणा, दिसतो भिकाऱ्यावाणी. माहेरचा येतो तो राजावाणी. आजींनी सासरच्या वैद्याचं कडवं असं काही रंगवून म्हटलं, दोनदोनदा म्हटलं, की ती मुलगी महिन्याभरात पहिल्यांदा हसली. आणि पुढे 'वेड्याची बायको' सुरू झालं, तेव्हा शेवटचं कडवं, झोपलेल्या बायकोला 'मेली मेली' म्हणून वेडा जाळून टाकतो ते, आलंच नाही. आजींनी सरळ पुढचं गाणं धरलं. कुणी विचारलं नाही. हे ज्ञान रेकॉर्ड लावलेल्या भोंडल्यात नसतं. माइकवर ट्रॅक लावला की समोर कोण उभी आहे हे ट्रॅकला कळत नाही.

हे १९८०च्या दशकातलं. म्हणून मला हसू येतं जेव्हा लोक म्हणतात की आजकालच्या पोरींना सगळ्याचंच वाईट वाटतं. आमच्या वाड्यात त्या गाण्याचा शेवट तेव्हाच गळायला लागला होता. का गळला? पेपर उघडला की 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. दर आठवड्याला. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं चारशे अठ्ठ्याण्णव अ कलम आलं, हुंडाबळीचं वेगळं कलम १९८६ साली. त्याच १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं. तेव्हा कुणी समिती नेमून कडवं काढलं नाही. संध्याकाळी फेर धरताना सकाळची बातमी आठवायची आणि 'जाळून टाकलं'वर आवाज खाली जायचा, एवढंच. आधी दोघीतिघी गप्प झाल्या, मग सगळ्या.

त्या गाण्याचा राग मात्र समजून घ्या. 'श्रीकांता कमलकांता अस्सं कसं झालं, अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं' अशी सुरुवात आहे. बोलणारी बायको आहे. आठ-दहा वर्षांची असताना तिचं लग्न झालं, मुलगा कसा आहे हे तिला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. 'लग्न केलं की सुधारेल' हे वाक्य मी स्वतः दोन घरांत ऐकलेलं आहे, आणि ती घरं काही खेड्यातली नव्हती. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९चा, लागू झाला १९३० साली, आणि तो मोडून लग्नं लावणारे त्यानंतरही पुष्कळ होते. तेव्हा गाण्यातली तक्रार खोटी नाही. पण लाडू बघून 'चेंडू चेंडू', करंज्या बघून 'होड्या होड्या', शेवया बघून 'गांडुळं गांडुळं' करणारा तो माणूसही आजारी आहे, आणि त्याच्या आजारावर आपण टाळ्या देतो. ज्या घरात असा मुलगा आहे त्या घरातली बाई फेरात असेल तर तिला काय वाटत असेल? आमच्या गटात अशी एक आहे. ती या गाण्याला पाणी प्यायला जाते. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

आता काठी. 'नणंदा भावजया दोघी जणी, घरात नव्हतं तिसरं कोणी, शिंक्यावरचं लोणी खाल्लं कोणी?' नणंद म्हणते, आता दादा आला की सांगते, 'दादा, तुझी बायको चोरटी'. आणि मग ती ओळ: 'घे काठी, घाल पाठी, घराघराची लक्ष्मी मोठी.' तुमच्या मंडळात या ओळीवर सगळ्यांत जास्त आरडाओरडा झाला असणार. मीही कितीतरी वर्षं ती खालमानेने म्हटली. एकदा शिकवताना शाळेतल्या एका मुलीने विचारलं, "हे कोण कोणाला म्हणतंय?" आणि मी अडकले. सगळी ओळ नणंदेच्या तोंडी घातली तर अर्थच लागत नाही. मारायला सांगणारी तिला लक्ष्मी कशाला म्हणेल? दोन माणसांच्या तोंडी वाटून बघा. नणंद म्हणते, 'घे काठी, घाल पाठी'. दादा म्हणतो, 'घराघराची लक्ष्मी मोठी', म्हणजे ज्या त्या घराला तिथली सूनच लक्ष्मी, मी नाही काठी उचलणार. आणि लोणी कुणी खाल्लं हे तर गाणं शेवटपर्यंत सांगतच नाही; तिसरं कोणी नव्हतं, एवढंच आपल्याला ठाऊक. मला ही वाटणी पटते. सगळीकडे असाच अर्थ घेत असतील असा माझा दावा नाही. आम्ही आता हे गाणं दोन फळ्या करून म्हणतो, एक नणंदेची, एक दादाची, आणि काठीची ओळ तशीच ठेवतो. उत्तर देणारं कुणीतरी आहे, म्हणून ती सहन होते.

तुमच्या लेकीने नाताळच्या गाण्यांचं काढलं ते अगदी बरोबर काढलं. माझा भाचा क्लीव्हलंडला असतो, त्याने २०१८च्या डिसेंबरात मला सांगितलं की तिथल्या एका रेडिओ केंद्राने 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' लावणं बंद केलं. पाहुणी घरी जायला निघालीय, तो तिला थांब म्हणतोय, बाहेर थंडी आहे, अजून एक पेला घे. ती एके ठिकाणी विचारते, या पेयात आहे तरी काय? आजच्या कानाला ते भयंकर लागतं. फ्रँक लेसरने हे १९४४ साली लिहिलं ते स्वतःच्या बायकोबरोबर घरच्या पार्टीत म्हणायला. १९४९ साली चित्रपटात आलं आणि ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात ते दोनदा आहे. दुसऱ्या वेळी बाई पुरुषाला अडवते. पण छापील स्वरलिपीत लेसरने दोघांना नावं दिली होती 'लांडगा' आणि 'उंदीर'. त्याला विनोदच करायचा होता, हे खरं. उंदीर कोण आणि लांडगा कोण हे त्याला माहीत होतं, हेही खरं. २०१९ साली जॉन लेजंड आणि केली क्लार्कसन यांनी त्याचे शब्द बदलून गायलं. बदललेल्यात तो तिला गाडी बोलवून देतो. सभ्य आहे, पण माझ्या कानावर ते पुन्हा काही आलं नाही. अडवाअडवीच गेली तर त्या गाण्यात उरतं काय?

ब्रिटनमधलं एक याहून आपल्या नणंदेच्या जवळचं आहे. द पोग्ज हा बँड आणि गायिका कर्स्टी मॅकॉल यांचं १९८७चं नाताळचं गाणं, दोन दारुडी माणसं एकमेकांना घाणेरड्या शिव्या देतात असं. त्यातल्या एका शिवीवरून बीबीसीच्या रेडिओ वनने २००७ साली ती पुसली, लोक चिडले, त्याच दिवशी परत आणली. २०२० साली मात्र तरुणांच्या रेडिओ वनवर बदललेली आवृत्ती आणि रेडिओ टूवर जुनी, अशी वाटणी केली. गीतकार शेन मॅगवनचं म्हणणं होतं की ती शिवी त्या पात्राची आहे आणि ते पात्र काही गोड बाईचं नाही. मला हे पटतं, अर्ध्यापर्यंत. पात्राची भाषा आहे हे श्रोत्याला कळलं तर ठीक. फेरात पाच वर्षांची मुलगी हात धरून फिरते तेव्हा तिला पात्र कळत नाही, ताल कळतो आणि शब्द पाठ होतात.

आता चाबकाचं. तो मी काढला. सासूबाईंचं मंगळसूत्र घेतलं. यावर आमच्या गटातल्या एका वकील मुलीने मला चांगलं पकडलं. म्हणाली, "काकू, 'सासर द्वाड' ठेवता कारण ते खरं होतं म्हणून. मग चाबूक खोटा होता का?" उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. 'अक्कण माती चिक्कण माती' आठवा. ओटा, जातं, पीठ, करंज्या, असं करत करत शेवटी येतं 'अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारीतं. अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया धाडीतं'. हे मुलगी स्वतः सांगते. माहेरच्या अंगणात, मैत्रिणींत, जिथे सासरचं कुणी नाही तिथे मोठ्याने सांगते, आणि नाचत सांगते म्हणून कुणाला पकडताही येत नाही. चाबकाच्या गाण्यात ती बोलत नाही. बघणारे बोलतात: बघा, कशी आली! त्या हसण्यात मी सामील होणार नाही. वकीलबाईंचं यावरही पूर्ण समाधान झालं नाही, आणि खरं म्हणजे माझंही झालेलं नाही. चाबकाच्या जागी मंगळसूत्र आलं की भीतीने आलेली राणी प्रेमाने आल्यासारखी दिसते, आणि ती लबाडी मीच करते आहे. पण सोळा गाण्यांत एक लबाडी मी पत्करली आहे.

'सासर गोड' मात्र कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीने कार्यक्रमाला बोलावताना मला यादी पाठवली होती: द्वाड नको, कोंडून मारीतं नको, सकारात्मक ठेवा. मी त्यांना कळवलं की मग मी येत नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरी दिवसभर जात्यावर आणि चुलीपाशी घालवत होत्या, 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा' म्हणणाऱ्या सासूपुढे बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत थांबत होत्या, आणि एवढं करून परवानगीसाठी पुन्हा सासऱ्याकडे, दिराकडे, नवऱ्याकडे. (सरकारी कचेरीत फाइल फिरते ना, अगदी तसं. हे गाणं आजच्या मुलींना लगेच कळतं.) त्यांनी स्वतःबद्दल मागे काही लिहून ठेवलं नाही, त्यांना लिहायला येत नव्हतं. त्यांनी हे एवढंच म्हटलं. त्यावर आपण आपल्या सोयीने गूळ फासायचा?

आणि शब्दांवर एवढं भांडताना फेराकडेही एकदा बघा. आमच्या वाड्यात त्या म्हणणाऱ्या आजी विधवा होत्या. सोळा गाणी त्यांना पाठ, कडवं अडलं की त्यांच्याकडे बघायचं. पण त्या म्हणायच्या ओट्यावर बसून. फेरात कधी आल्या नाहीत, कारण कुणी हात पुढे केला नाही. मीही नाही केला. त्या गेल्यावर मला हे सुचलं. तुमच्या मंडळात हळदीकुंकवाचं आमंत्रण कुणाला जातं आणि कुणाला नाही, ते आधी तपासा. तिथला बदल करायला कुठलंही कडवं पाडावं लागत नाही.

आता तुमच्या लेकीचं. तिला फेरात परत आणायचं असेल तर 'ती गंमत असते गं' असं अजिबात सांगू नका. तिला म्हणणारी करा. शेवट तिच्यावर सोपवा. आमच्याकडे मी हे करून पाहिलं आहे. सुट्टीच्या वर्गात पंधरा मुली होत्या, पाचवी ते आठवीतल्या. 'वेड्याची बायको'चं शेवटचं कडवं कोरं ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही भरा. एकीने लगेच केलं: 'झोपली झोपली म्हणून त्याने गोधडी घातली.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे आमच्या सुमनताई बसल्या होत्या, वय ऐंशी. त्या म्हणाल्या, "मग तो वेडा कसला?"

बरोबर होतं. त्या गाण्याचा सगळा डाव चुकीवर आहे. दर कडव्यात त्याला जे दिसतं ते तसं नसतं. शेवटच्याच कडव्यात तो शहाणा झाला तर गाणं मोडतं. मुली पुन्हा बसल्या. चेंडू, होड्या, गांडुळं, सगळं परत म्हणून पाहिलं. कुणी म्हणालं ती उठून त्यालाच काठीने मारते. ते दोघींना आवडलं, बाकीच्यांना नाही. मग खिडकीपाशी बसलेली एक, जी दिवसभर बोलली नव्हती, तिने हळूच म्हटलं: 'मेली मेली म्हणून वेडा रडायला बसला.'

आम्ही आता तेच म्हणतो. त्या ओळीवर कुणी हसत नाही, पण फेरही थांबत नाही.